दामूतात्यांचे महिने

आमच्या किन्हवलीत कुणी शिंकलं की लोक सुंठ शोधतात. दामूतात्या आधी वय विचारतात, आणि लगेच ते उंदराच्या महिन्यांत करून सांगतात. मी पन्नाशीचा धडधाकट माणूस, स्वतःचं किराणा दुकान, दारात रिक्षा. पण तात्यांच्या लेखी मी पंधरा महिन्यांचा. तेही गिऱ्हाइकांसमोर सांगायचं.

तात्यांची उभी हयात मुंबईच्या एका प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे धुण्यात गेली. तिथे उंदरांना मुद्दाम फ्लू द्यायचे, तरणे वेगळे, म्हातारे वेगळे. उंदीर जगतो जेमतेम दोन-अडीच वर्षं, म्हणून त्याचं वय महिन्यांत मोजायचं. "तरणा उंदीर वाळतो, पन परत दाण्यावर येतो," तात्या सांगतात. "म्हातारा दाण्याकडं पाठ करून कोपऱ्यात बसतो. मंग समजायचा, ह्याचा काय खरा नाय."

हे ज्ञान ते लग्नाच्या पंगतीतही वाटतात. एकदा नवऱ्यामुलाच्या आजोबांना म्हणाले, "तुमी तीस महिने गाठले, लय झाला." मीच त्यांना हाताला धरून मांडवाबाहेर काढलं. वर मलाच विचारतात, "मी काय वायट बोललो रे?" आता या माणसाला काय सांगणार, कप्पाळ?

यंदा थंडीत फ्लूची साथ आली आणि त्यांची बायको, आमच्या जनाकाकू, आडव्या झाल्या. ताप फार नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तात्या अनवाणीच दुकानात आले. "पेज खाय नाय ती. भिताडाकडं तोंड करून पडलीय. रिक्षा काढ." मी गिऱ्हाईक तसंच सोडून निघालो.

शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पुढे ओढला. "वय?"

तात्या काकूंची शाल सारखी करू लागले. मग काकूच डोळे मिटून पुटपुटल्या, "बावीस महिने."

बाई इकडेतिकडे बाळ शोधू लागल्या. मला हसू आवरेना. तात्यांनी मात्र टेबलाची कड घट्ट धरली होती.

"नाय, नाय बाई. पासष्ट लिवा. माणसाचा वय लिवा तिचा. माणसाचा." त्यांचा आवाज फाटला. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

काकूंना दाखल करून घेतलं. तात्या खाटेपासून हलेनात. हातात पेजेची वाटी, ती गार झाली की मला गरम करायला पिटाळायचे. भिंतीकडे तोंड केलेल्या बायकोला "जना, एक घोट घे गो" एवढंच म्हणत राहायचे.

तिसऱ्या सकाळी काकू कूस बदलून वळल्या. नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"तोंड किती सुकलाय. तुमी जेवले नाय ना?"

तात्यांनी नाय म्हणून मान हलवली, आणि तिच्या पदरात तोंड खुपसून रडले.