बदामी अस्तर

आकांक्षाने आईला एकच काम सांगितले होते. पोशाखाची चेन बदलायची.

"चेन तेवडी बदल, आये," ती फोनवर दोनदा म्हणाली होती. "बाकी सुयेन टोचू पण नको. रविवारी सात वाजता माका तो घालूचो आसा."

तुळसाने "बरा" म्हटले आणि कुडाळहून रिक्षाने आलेली पिशवी उघडली. उघडली ती तशीच मिटली, उठून देव्हाऱ्याचा पडदा ओढला आणि मग पुन्हा उघडली. आत काळ्या जाळीची चोळी होती, तिच्यावर चांदीच्या टिकल्या. पाठ म्हणून जे काही होते ते दोन नाड्यांवर भागले होते. पोटाशी चार बोटे मोकळी, आणि घागऱ्याला एका बाजूने जी चीर होती ती थेट मांडीपर्यंत. चेन मात्र खरोखरच बिघडली होती. एवढ्याशा कपड्याला चेन लागतेच कशाला, हे तुळसाला कळेना.

तुळसा गावातल्या बायकांची झंपरे शिवायची. रोज तुळशीला पाणी, संकष्टीला चंद्र पाहिल्याशिवाय घास नाही, आणि दोन वर्षांपासून सोमवारचा कडक उपास. हा उपास कशासाठी हे तिने कुणाला सांगितले नव्हते, पण सगळ्या वाडीला ठाऊक होते. आकांक्षा गोव्यात हॉटेलच्या काउंटरवर लागली होती, तिथून सत्यवानच्या नाचाच्या पार्टीत गेली, आणि तेव्हापासून आईचे एकच मागणे होते. पोरीने नाच सोडावा आणि घरी यावे. आकांक्षा गेल्या दोन चतुर्थ्यांना आली नव्हती. यंदा गावच्या रिक्षा स्टँडच्या सत्यनारायणाला रेकॉर्ड डान्स ठेवला होता आणि सुपारी नेमकी सत्यवानच्या पार्टीला मिळाली होती. त्या निमित्ताने लेक गावात पाऊल टाकणार होती.

"ह्या खेपेक तरी बघूक ये. पुढच्या खुर्चेर बस," आकांक्षा म्हणाली होती. "नाच झालो काय मी घराक येतंय. चार दिस रवान."

हे चार दिवस तुळसाने मनात तांदळासारखे निवडून ठेवले होते. तरीही तिला फोनवर राहवले नाही.

"तुका असले कपडे घालूक लाज नाय वाटणा गो?"

"आये, काउंटरवर साडी नेसान उभी होतंय तेवाय लोक बघीतच होते. तेवा मान खाली घालूची लागा. आता मी वर रवतंय आणि तेंच्याकडे बघतंय. मी थांबलंय काय सगळा मैदान थांबता."

"आणि कपडो कितको आखूड, ता कोण ठरयता?"

"सत्यवान."

"मगे?"

"मगे काय? तुझ्या पदराची लांबी तू ठरयलंस?"

यावर तुळसाने फोन ठेवला होता. बोलणे टोचले की तुळसा मशीनवर बसत असे. तशी ती बसली.

चेन दहा मिनिटांत बदलून झाली. तिथे ती उठली असती तर ही गोष्ट झाली नसती. पण पाय मशीनच्या पायट्यावर होता आणि समोर ती उघडी पाठ होती. तुळसाला वाटले, पाठ तेवढी झाकावी. काळे कापड लावले तर पोरीला लगेच दिसेल. मग झंपराच्या आत लावायचे बदामी अस्तर तिने काढले. अंगाचाच रंग, कोणाला कळणार आहे? आकांक्षालाही कळणार नाही, आणि देवाला कळेल तेवढे पुरे.

पाठ झाकली, तर पुढच्या बाजूशी मेळ बसेना, म्हणून पोट झाकले. पोट झाकले तशी कंबर घट्ट झाली, म्हणून जाळी उसवावी लागली. जाळी उसवताना टिकल्या ओघळल्या. त्या परत लावताना पुरेनात, म्हणून जिथे फार गरज नाही असे तिला वाटले तिथल्या काढून कडेला लावल्या. मग चीर शिवली, आणि घागऱ्याच्या जाळीतून पाय दिसतात म्हणून तिच्यावरही अस्तर चढवले. उरलेल्या अस्तराच्या कोपरापर्यंत बाह्या केल्या. दिवेलागणीला तिने दोरा तोडला तेव्हा गळ्यापासून घोट्यापर्यंत बोटभर जागा उघडी राहिली नव्हती. घरातल्या ट्यूबच्या उजेडात पोशाख अगदी सोज्वळ दिसत होता. तिने देव्हाऱ्याचा पडदा सरकवला आणि हात जोडले.

रविवारी सत्यवानची गाडी इन्सुलीच्या नाक्यावर वाहनांच्या रांगेत अडकली. पार्टी स्टँडवर पोचली तेव्हा सात वाजून गेले होते, तीर्थप्रसाद वाटून झाला होता आणि निवेदक तिसऱ्यांदा "काही क्षणांतच" म्हणत होता. मांडवामागे ताडपत्री लावून कपडे बदलायची सोय केली होती. तुळसाने पिशवी आत दिली आणि ती पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. दोन मिनिटांनी ताडपत्रीमागून हाक आली.

"आये! ह्या काय करून ठेवलंस?"

पण तेवढ्यात गाणे सुरू झाले होते. दुसरा पोशाख नव्हता. पहिला नाच तिचाच होता.

आकांक्षा स्टेजवर आली आणि पिवळे दिवे लागले. त्या उजेडात बदामी अस्तर नाहीसे झाले. उरल्या त्या इकडे तिकडे चार टिकल्या आणि अधूनमधून काळ्या जाळीची रेघ. मूळ पोशाखात निदान कपडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते तरी कळत होते. आता मांडवातल्या चारशे माणसांना वाटले की परब वाडीतल्या तुळसाची मुलगी काहीही न घालता आली आहे.

मागून शिट्ट्या सुरू झाल्या. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांवर गेले, पण बोटांत फटी राहिल्या. भटजींनी पूजेच्या चौरंगाकडे तोंड केले. रिक्षा युनियनचा अध्यक्ष धोंडू प्रसादाचा द्रोण हातात घेऊनच स्टेजवर चढला.

"बंद करा ता गाणा! बंद करा म्हणतंय! हय सत्यनारायण बसलेलो आसा आणि तुमी ह्या काय चलवलात?"

गाणे बंद झाले. सत्यवान पुढे आला. "धोंडूभाऊ, पार्टीचो पोशाख असो नाय हो. आमचो बरोबर कपडो असता. कमी असता, पण असता!"

"मेल्या, मगे तो खंय गेलो?" धोंडूने माइक तोंडाशी धरला आणि आकांक्षाकडे वळला. "बाय, तू गावचा चेडू. भायर काय करतंस ता आमी विचारणव नाय. पण गावात, देवासमोर? तुझ्या आवशीचा तरी तोंड बघूचा होता. ती बिचारी सोमवार धरता!"

आकांक्षाने आईच्या तोंडाकडे खरोखरच बघितले. पुढच्याच खुर्चीवर ते होते. ती एक शब्द बोलली असती तर सुटली असती.

"चूक माझी," ती म्हणाली. "माफ करा."

तुळसाचे पाय आयुष्यात कधी स्टेजवर चढले नव्हते. ते आता कसे चढले, तिला कळले नाही. तिने धोंडूच्या हातातला माइक घेतला, आणि घेतल्यावर तिच्या ध्यानात आले की चार माणसांत बोलायची आपल्याला एकच रीत ठाऊक आहे. देवळात गाऱ्हाणे घालतात ती.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली.

"व्हय म्हाराजा!" मांडव सवयीने गरजला.

"ह्यो कपडो माझ्या चेडवान केललो न्हय."

"व्हय म्हाराजा!"

"तिना माका नुसती चेन बदलूक सांगल्यान होती."

"व्हय म्हाराजा!"

"मी मूर्खीन तेका अस्तर लावलंय. बदामी. ता लांबसून दिसणा नाय. तिच्या अंगावर आज दोन मीटर कापड जास्ती आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हा…" म्हणता म्हणता पहिल्या रांगेतली सीता काकी फिसकन हसली, आणि मग सगळा मांडव हसला. शिट्ट्या मारणारे हसले, भटजी पाठमोरेच हलू लागले. धोंडूने जवळ जाऊन, चष्मा वर करून, आकांक्षाच्या बाहीचे अस्तर दोन बोटांत धरून पाहिले आणि जाहीर केले, "कपडो आसा!"

टाळ्या पडल्या. गावाचा राग उतरला की गावाला माया फार येते. प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेली शाल धोंडूने आकांक्षाच्या खांद्यावर घातली. सीता काकीने आपल्या सुनेची ओढणी आणून तिच्या पोटाशी गुंडाळली. कोणी आणखी एक ओढणी दिली, कोणी टॉवेल. एका रिक्षावाल्याने अंगातला खाकी शर्ट काढून पुढे केला आणि स्वतः बनियनवर उभा राहिला. त्याला कोणी काही बोलले नाही.

"आता नाच, बाय," धोंडू प्रेमाने म्हणाला. "आता बरा दिसता."

गाणे पुन्हा लागले. शाल, दोन ओढण्या, टॉवेल आणि खाकी शर्ट घालून आकांक्षा नाचली. हात खांद्याच्या वर जाईना. गिरकी घेताना टॉवेल पायात आला. तरीही नाच संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बालवाडीच्या स्नेहसंमेलनात ससा झालेल्या मुलाला वाजवतात तशा. तुळसाही वाजवत होती, आणि वाजवता वाजवता तिला दिसले की लेक कोणाकडेच बघत नाही. तिची मान खाली होती.

ताडपत्रीमागे खुर्चीवर घडी करून ठेवलेले कपडे सापडले. शाल, ओढण्या, टॉवेल, शर्ट, सर्वांत वर बदामी अस्तराचा पोशाख. सत्यवानची गाडी गेली होती. तुळसाने घरी केलेली खीर दुसऱ्या दिवशी शेजारी वाटली.

महिन्याभराने सत्यवान तिच्या दारात आला. काखेत कापडाचा तागा होता.

"मावशी, त्या दिवसाचो व्हिडिओ सगळ्या गोव्यात फिरलो. हॉटेलवालो म्हणता, असोच पोशाख व्हयो. अंग भरून कपडो, कोणाचा काय म्हणणा नाय, आणि लांबसून बघणाऱ्याक काय वाटूचा ता वाटता. हॉटेलवालो खूश, आमी खूश. अकरा शिवून देशात? तुमच्यासारखो हात कोणाचो नाय."

तुळसाने तागा पाहिला. बदामी. मग मापांचा कागद पाहिला. वेनेसा, संचिता, भक्ती… अकरा नावे तिने दोनदा वाचली.

"ह्यात आकांक्षाचा माप नाय."

"तुमका म्हायत नाय?" सत्यवान घुटमळला. "तिना नाच सोडल्यान. त्या कार्यक्रमानंतर दोन दिवसांनीच. दोडामार्गाक काजूच्या कारखान्यात लागली हा."

ओट्यावर बसलेल्या सीता काकीने तिथूनच हात जोडले. "पावलो गो, तुळसा, देव पावलो! आता उद्यापन कर."

तुळसाने तागा परत केला नाही आणि ठेवूनही घेतला नाही. तो ओट्यावर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. उपाशीपोटीच तिने दोडामार्गची बस धरली.

पाचला कारखाना सुटला. फाटकातून बायका बाहेर पडू लागल्या. सगळ्यांच्या अंगात गळ्यापासून गुडघ्याखालपर्यंत निळे एप्रन, डोक्याला टोप्या, तोंडाला मास्क. रस्त्यापलीकडच्या बाईचे माप नुसत्या नजरेने सांगणारी तुळसा एकेकीकडे बघत राहिली आणि तिला आपली मुलगी ओळखता येईना. किती झाकलेल्या होत्या! दोन वर्षे तिने हेच मागितले होते.

"आये?"

त्यातलीच एक तिच्यासमोर उभी होती. मास्क खाली आला. बोटे काजूच्या तेलाने काळी पडली होती.

"कित्या सोडलंस गो?" तुळसाने विचारले. "माझ्यामुळा?"

"नाय गो." आकांक्षाने टोपी काढली. "दोन वर्सां लोकांनी बघल्यानी, शिट्यो मारल्यानी, माका काय वाटूक नाय. त्या दिवशी सगळ्यांनी शाली घातल्यानी ना, तेवा पयल्यांदा उघडी पडल्यासारखा वाटला. मगे गोव्यात परत उभी रवलंय. गाणा लागला, आणि पायच उचलाक नाय."

तुळसा बसमध्ये पाठ करून आलेले सगळे विसरली. "मी शिवून देतंय तुका," ती म्हणाली. "नवो. तू सांगशीत तितकोच. आखूड म्हणशीत तर आखूड."

आकांक्षा तिच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. कोणीतरी अवघड गणित घातल्यासारखी.

"असा माका कधी कोणी विचारूकच नाय, आये. सत्यवानान नाय, तू नाय. आता विचारतंस, तर माका सांगूकच येणा नाय."

फाटकाशी वॉचमन उभा होता. तो सहज, काही मनात न ठेवता, त्यांच्याकडे बघत होता. एकेकाळी सगळे मैदान थांबवणाऱ्या आकांक्षाने मान खाली घातली, पिशवीतून ओढणी काढली आणि एप्रनवरूनच दोन्ही खांद्यांवर घेतली.

नको गो, काढ ती, असे तुळसाला म्हणायचे होते. तेवढ्यात तिचा हात सवयीने पुढे झाला आणि त्याने ओढणीचे घसरलेले टोक लेकीच्या खांद्यावर नीट सारखे केले.