लालासाहेब मास्तरांची करकर

"ही माझी न्हाईत," हंबीरराव म्हणाले.

"तुमचीच हायती. घाला गुमान," धोंडुबाई दुर्वांच्या जुड्या बांधत म्हणाली. मान वर करायचेसुद्धा कष्ट तिने घेतले नाहीत.

वाईच्या ढोल्या गणपतीपुढे नारळ-दुर्वा विकायच्या आणि गिऱ्हाइकांची पायताणं टोपलीमागे सांभाळायची, हा धोंडुबाईचा धंदा. हंबीरराव आष्ट्याचे. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले आणि आता ऊस व मिशा अशा दोनच गोष्टी जोपासणारे. तासाभरापूर्वी धोंडुबाईने मिशांकडे निरखून बघत "आष्ट्याचं व्हय तुमी?" असं विचारलं, तेव्हा आपलं नाव वाईपर्यंत पोचलं म्हणून सुभेदार मनातून फुलले होते. देवळात गेले, तर तो भला थोरला गणपती जाईल तिकडे आपल्याकडेच बघतोय असं त्यांना वाटत राहिलं. तेही त्यांनी मिशांच्याच खात्यावर जमा केलं. आणि आता बाहेर येऊन बघतात, तर त्यांच्या साध्या तपकिरी पायताणांच्या जागी ही जाड टाचेची, लाल गोंड्याची जोडी!

"आवं, घाला की!" त्यांच्या पत्नी रंगूबाईंनी घाई केली. "साडेबाराला पोचायचंय. फरशी बघा कशी तापलीया. पोरीच्या सासरी काय अनवाणी जाणार?"

सासर अजून ठरलं नव्हतं, तिथंच तर घोडं अडलं होतं. त्यांची क्रांती नुकतीच फौजदार झाली होती. तिचं आणि वाईच्या वीरधवलचं एकमेकांत ठरलं होतं, पण वीरधवलचे वडील उदयसिंह अडून बसले होते. सून फौजदार असावी की नसावी यावर त्यांचं स्वतःचं मत काहीच नव्हतं. "आबा असते तर त्यांना हे चाललं नसतं," एवढंच ते म्हणायचे. आबा म्हणजे त्यांचे वडील, लालासाहेब मास्तर. ते आठ महिन्यांपूर्वी वारले होते. आता वारलेल्या माणसाशी वाद घालायचा तरी कसा?

आज शेवटची बोलणी होती. निघताना क्रांतीने बजावलं होतं, "बाबा, तिथं सियाचीनची गोष्ट काढू नका. आज त्यांनी न्हाई म्हटलं तर वीरू बापाला दुखवणार न्हाई, आणि मी दुसरा बघणार न्हाई." सांगता सांगता फौजदारसाहेबांनी डोक्यावरची टोपी उगाच दोनदा काढून घातली होती. तेव्हापासून हंबीररावही धास्तावलेले होते, फक्त मिशांमुळे ते दिसत नव्हतं इतकंच.

तर त्यांनी ती जोडी घातली. माप घेऊन शिवल्यासारखी बसली. त्यांनी पाऊल टाकलं.

कर्रर्र.

"आयला! करकरीची हायती की," हंबीरराव खूश झाले. असली पायताणं त्यांच्या आज्याने घातली होती.

भर दुपारची वेळ. पेठेतली दुकानं फळ्या लावत होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दोन्हीकडच्या दगडी भिंतींमधून तो आवाज जास्तच घुमत होता. कर्रर्र, कर्रर्र. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने ओठांतली सिगारेट चटकन पाठीमागे लपवली. स्कूटरवर रेलून गप्पा मारणारे दोन पन्नाशीचे गृहस्थ टुणकन उतरले आणि हात सरळ करून उभे राहिले. माडीवरच्या एका टकलू इसमाने घाईघाईने बनियन पँटमध्ये खोचला.

"बघितलंस?" हंबीरराव हळूच म्हणाले. "फौजेतली चाल लपत न्हाई."

"मग त्यांची तोंडं का पांढरी पडली?"

"आदर गं, आदर!"

एवढ्यात कुठूनसं एक म्हातारं काळं कुत्रं आलं. त्याने पायताणं हुंगली, बारीक आवाजात कुंई केलं आणि मुकाट्याने हंबीररावांच्या उजव्या बाजूने चालू लागलं. हाकललं तरी जाईना.

पुढे न्हाव्याचं दुकान तेवढं उघडं होतं. आतला म्हातारा पाठमोराच एकाची दाढी करत होता. करकर दारापाशी आली तसा त्याचा वस्तरा हवेत थांबला. अर्ध्या तोंडाला फेस असलेलं गिऱ्हाईक खुर्चीतून उठून ताठ उभं राहिलं.

"मास्तर," म्हातारा मागे न बघता म्हणाला, "आज तर अवस न्हाई. मग कसं काय?"

"कोण मास्तर? मी सुभेदार हंबीरराव."

म्हातारा वळला. त्याने आधी मिशा बघितल्या, मग पाय बघितले आणि चौकट धरली. "पावनं, ही कुठनं आणलीत? ही लालासाहेब मास्तरांची! चाळीस वर्सं पीटी शिकवली त्यांनी. ही करकर ऐकली की निम्मी वाई सावधानमध्ये उभी राहायची. हे कुत्रं रोज त्यांच्या उजव्या अंगानं चालायचं. आठ म्हैनं झालं, गल्ली कशी गप हुती बघा."

हंबीररावांना बसल्या जागी, म्हणजे उभ्या जागी, घाम फुटला. लालासाहेब मास्तर! ज्यांच्या घरी निघालो, त्यांचीच!

"दान दिली असतील कुणाला तरी," रंगूबाई धीराने म्हणाल्या.

"कसलं दान, वैनी? त्यांच्याबरोबरच सरणावर ठिवली. मी सोता खांदा दिलाय."

दोघं आल्या वाटेने देवळाकडे जवळजवळ पळतच गेले, आणि मागून कुत्रंही. धोंडुबाईने टोपलीवर गोणपाट टाकलं होतं आणि ती जेवायला गेली होती. घाटावर कुणी म्हणजे कुणी नव्हतं. खाली कृष्णा संथ, आणि उघड्या दारातून तो गणपती अजून बघतच होता. हंबीरराव थबकले.

ते थबकल्यावर पायताण एकदा वाजलं. कर्रर्र.

"तुमी हाललात?" रंगूबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"मग काय, चल इथनं!"

हंबीररावांनी पायताणं काढून हातात घेतली आणि पाच पावलं अनवाणी टाकली. सहाव्याला "आई गं" म्हणून पुन्हा घातली. सियाचीनमध्ये थंडी सोसायला शिकवलं होतं, चटके सोसायला नाही. शेवटी त्यांनी ठरवलं की मधल्या आळीत उदयसिंहांच्या घरी पोचायचं आणि उंबऱ्याच्या अलीकडेच जोडी काढून कोपऱ्यात सरकवायची. मग कुणाला कळणार?

ते चवड्यांवर चालत आले. चवड्यांवर तर ती जास्तच करकरत होती.

घराची दारं उघडी होती. आतून उदयसिंहांचा आवाज येत होता. "हे बघ वीरू, पाहुणे येतील, चहा घेतील, जातील. माझा शब्द शेवटचा. आबा असते तर…"

हंबीररावांनी श्वास रोखून शेवटच्या पायरीवर पाय ठेवला.

कर्रर्र.

आत बशी फुटली. आणि माजघरातून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला, "उदय, तुझे आबा आले. आता तूच विचार त्यांना, चालतंय का."

"आबा…" बावन्न वर्षांचे उदयसिंह हात दोन्ही बाजूंना चिकटवून उभे राहिले होते. "आबा, मी कुठं नाही म्हणालो? फौजदार सून म्हणजे चांगलंच की. मी… मी उद्याच मुहूर्त काढतो, आबा!"

तोच दारात मिशा उगवल्या. "राम राम," हंबीरराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. यापलीकडे एक अक्षर त्यांच्या तोंडातून फुटलं नाही. सियाचीनची गोष्ट न काढण्याचं क्रांतीचं म्हणणं सुभेदारांनी असं अगदी नाइलाजाने पाळलं.

पुढे सगळं भराभर झालं. उदयसिंहांनी उंबऱ्यापलीकडच्या त्या पायताणांकडे बघायचं टाळत पाहुण्यांना साखर दिली. वीरधवलने अंगणात जाऊन क्रांतीला फोन लावला. पलीकडून आलेली किंकाळी फौजदाराला शोभणारी नव्हती, पण रंगूबाईंनी ती ऐकून पदराने डोळे टिपले.

मग त्या मघाच्या आवाजाच्या मालकीणबाईंनी, म्हणजे लालासाहेबांच्या पत्नी चंद्राबाईंनी, दोघांना माजघरात बोलावून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"माफ करा, सुभेदार. तुमची पायताणं धोंडीकडंच हायत. वीरूनं फोनवर तुमचा फोटो दाखवला, वाईत आलेला पावना आधी गणपतीलाच जातो, तवा मी धोंडीला सांगून ठिवलं, असल्या मिशांचा माणूस आला की जोडी बदल म्हणून." त्या खुदकन हसल्या. "काय करणार? माणूस गेला, पण उदयची भीती न्हाई गेली. उठता-बसता आबा असते तर, आबा असते तर! म्हटलं, येऊ देत एकदा आबांना."

हंबीररावांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मिशा हलल्या. "म्हंजे ती सरणावरची न्हाईत?"

"छे हो! हुबेहूब तसली नवी करून घेतली."

"आन् करकर काय झकास जमलीया, आजी! सगळी वाई उठून उभी राहिली."

चंद्राबाईंचं हसू थांबलं. "चेष्टा करू नका. करकर कुठं? कारागीर म्हणाला, ती विद्या आता कुणाला येत न्हाई. मुकीच हायत ती. उदयला दारात नुसती दिसली तरी पुरं, असा माझा बेत हुता. मघाशी पायरीवर आवाज आला, तवा मला वाटलं तुमीच काय तरी युक्ती केली."

मग तिघंही बाहेर आली. पायताणं पायरीवर होती आणि कुत्रं त्यांच्यावर हनुवटी टेकून पडलं होतं. हंबीररावांनी एक उचललं, वाकवलं, पिळलं. आवाज नाही. दोन्ही पायांत घालून ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं. काही नाही. त्यांनी ती काढली आणि जपून जागच्या जागी ठेवली.

तेवढ्यात कुत्रं उठलं. त्याने मान वर करून रिकाम्या जागेकडे बघितलं, शेपूट हलवली आणि कुणाच्या तरी उजव्या बाजूने चालावं तसं गल्लीतून घाटाकडे निघालं. ते वळणावर दिसेनासं झालं, आणि तिकडून एकदाच, अगदी हलकं, कर्रर्र.

चंद्राबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"म्हंजे त्यांनाबी पोरगी पसंत हाय," त्या म्हणाल्या.

आणि सुभेदार हंबीरराव, कुणी हुकूम दिला नसताना, भर उन्हात अनवाणी, सावधानमध्ये उभे राहिले.