उपरण्याखालचा सौदा

शहादेवरावांनी लिंबागणेशच्या जत्रेसाठी इतकी वर्षं नाटकं लिहिली, पण एकाही नाटकाचा शेवट गावानं पाहिला नाही. दुसऱ्या अंकात नायकाचं भाषण सुरू व्हायचं आणि तिसऱ्यापर्यंत सतरंज्या रिकाम्या व्हायच्या. यंदा पंचांनी त्यांना बाजूला सारून ऑर्केस्ट्रा ठरवला. तेवढ्यात चौसाळ्यात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कामराननं त्यांना मूकपटात काम देऊ केलं आणि ते लगेच तयार झाले. कुणीतरी आपल्याला शेवटपर्यंत पाहावं, एवढीच आता त्यांची इच्छा उरली होती.

“काका, तोंडातून एक शब्द काढायचा न्हाई,” कामरान म्हणाला. “सगळं चेहऱ्यानं.”

“न्हाई काढत,” असं म्हणून शहादेवराव गप्प राहणं किती अवघड असतं यावर वडवणी येईपर्यंत बोलत राहिले.

चित्रीकरण तिथल्या आठवडी बाजारात होतं. गरीब माणूस शेळी विकायला आणतो, पण त्याचा जीव तिच्यातून निघत नाही, अशी गोष्ट. शेळी शहादेवरावांच्या बायकोची, अंजनाबाईंची होती, दुभती. “तिला काय झालं तर घरात येऊ नका,” असं त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं. बाजारातल्या लोकांनी कॅमेऱ्याकडं बघत बसू नये म्हणून कामरान चहाच्या टपरीमागं दडला. व्यापाऱ्याचं काम त्याचा एक मित्र करणार होता. शहादेवरावांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

थोड्या वेळानं एक फेटेवाला आला. त्यानं शेळीचे दात पाहिले, कास चाचपली आणि न बोलता शहादेवरावांचा हात धरून वर उपरणं टाकलं. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, झाकल्या हातांनी, बोटं दाबून. पोराला मिशी जरा जास्तच पांढरी लावलीय, पण काम झकास करतोय, असं शहादेवरावांना वाटलं. आपणही कमी पडायचं नाही म्हणून त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं आणि दुःखाच्या भरात त्याची बोटं गच्च आवळली.

फेटेवाल्यानं उपरणं झटकलं, त्यांच्या खिशात नोटा कोंबल्या आणि शेळी घेऊन चालू लागला. तेवढ्यात एक तरुण धापा टाकत आला.

“काका, उशीर झाला बघा. व्यापारी मी हाय.”

धोतर सावरत शहादेवरावांनी फेटेवाल्याला गाठलं. तो सिदू, खराखुरा व्यापारी.

“पाव्हणं, शेळी द्या. मी नुसतं काम करत होतो.”

“काम झालं की मग,” सिदू म्हणाला. “तुमी बोटं आवळून भाव कबूल केला. उपरण्याखाली ठरलेला सौदा मोडत न्हाई. अन् तुमाला तर मी मुकं समजलो.”

मग शहादेवरावांनी तोंड उघडलं. आधी शेळीचं कूळ सांगितलं, मग अंजनाबाईंचा स्वभाव, मग रंगभूमीचे हाल. सिदू सावलीला सरकला, तेही सरकले. सिदूची गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. बाजार उठायला लागला तरी भाषण पहिल्याच अंकात होतं. शेवटी सिदूनं दावं त्यांच्या हातात दिलं.

“घ्या शेळी, द्या माझे पैसे. पण आता गप ऱ्हावा.”

खरा सौदा रंगलेला बघून टपरीमागच्या कामराननं कॅमेरा बंद केलाच नव्हता. पुढं देवळासमोर पडदा लावून मूकपट दाखवला, तेव्हा ते भाषण त्यात अख्खं होतं, बिनआवाजाचं. नुसते हातवारे, थरथरणारे ओठ आणि शेळीकडं वळणारे डोळे. गाव जागचं हललं नाही. शहादेवरावांनी शेजारी बसलेल्या बायकोकडं वळून दोनच शब्दांत विचारलं.

“कसं वाटलं?”

अंजनाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

“तुमी इतकं चांगलं लिव्हता,” त्या म्हणाल्या, “ते मला आज कळलं.”