पत्रिकेतलं ‘इंजि.’

आमच्या शेजारचे दिगंबरराव कुणाच्या वास्तुशांतीला गेले, की आधी ना देवाला नमस्कार, ना यजमानाला. खिशातून ओळंबा काढतात, त्याची दोरी भिंतीच्या वरच्या टोकाला धरतात आणि एक डोळा मिटून बघत राहतात. पंगत खोळंबते. भिंत सरळ निघाली तर यजमानालाच म्हणतात, “बसा आता जेवायला.” वाकडी निघाली तर स्वतः दाराजवळची जागा धरून बसतात. माझ्या पुतण्याच्या नव्या घरी असेच उंबऱ्याला चिकटून जेवले. मी विचारलं, तर म्हणाले, “पळायला बराबर पडतं, वहिनी.”

रस्ते-पुलांच्या खात्यात इंजिनिअर होते. नोकरी संपली, संशय काही संपला नाही. पाण्याची टाकी असो, शाळेचा जिना असो नाही तर मांडवाचा खांब, त्यांचा एकच प्रश्न, “सही कुणाची हाय?” कुणीतरी जबाबदार माणसानं कागदावर सही केली असेल, तरच ते त्या वस्तूच्या जवळ जाणार.

गेल्या उन्हाळ्यात मी मोबाइलमध्ये हवामान बघितलं, तर लख्ख सूर्य. गच्चीभर कुरडया घातल्या. तासाभरात अशी सर आली की कुरडयांचा पुन्हा चीक झाला. मी रडकुंडीला आलेली, अन् दिगंबरराव त्यांच्या गच्चीत छत्री घेऊन कठड्यापलीकडं उभे.

“त्या सूर्यावर सही कुणाची होती?”

“मोबाइलवर कुणाची सही असणार, भाऊजी?”

“मंग त्याच्या भरवशावर वाळवण घालायचंच न्हाई. बिलकुल न्हाई.”

म्हणजे सही न करणाऱ्या सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांवर त्यांचा दात. त्यातून आमच्याकडं लग्नपत्रिकेत नावाआधी ‘इंजि.’ छापायची भारी हौस. डॉक्टरला डॉ., वकिलाला अ‍ॅड., आणि त्या दोन्हींत न बसणाऱ्या पोराला इंजि. गल्लीत पत्रिका आली की दिगंबरराव लाल पेन्सिल घेऊन बसतात. एकेका इंजि.ची चौकशी करतात. रस्ते, इमारती, यंत्रं करणारा असेल तर सोडून देतात. कॉम्प्युटरवाला निघाला की भोवती लाल गोल, आणि पत्रिका दुरुस्तीसाठी साभार परत! लोक कसे चिडतात म्हणून सांगू!

समोरचा सचिन एकदा भांडायलाच आला. “काका, चार वर्षं शिकलो मी. डिग्री हाय माझ्याकडं.”

“असू दे. तुझ्या कामात चूक निघाली तर काय करतो?”

“अपडेट पाठवतो.”

“मी पूल बांधायचा, तो पडायचा, अन् लोकांना सांगायचं, थांबा, पुढच्या महिन्यात दुसरा पाठवतो. असं का? अरे, आमच्यात चूक झाली की चौकशी बसायची. तुमच्यात चहा पिऊन पुन्हा बसता. तू चांगला टायपिस्ट हायेस. मी नाव ठेवून न्हाई राह्यलो.”

आता खरी अडचण अशी, की त्यांची एकुलती एक लेक वैशाली पुण्यात हेच कॉम्प्युटरचं काम करते. तिचं लग्न ठरलं, तेव्हा अख्खी गल्ली पत्रिकेकडं डोळे लावून बसली. तिची आई गेल्यापासून बापलेकीतले निरोप माझ्यामार्फत चालतात. वैशालीनं मला फोनवर सांगितलं, “काकू, माझ्या नावाआधी इंजि. आलं तरच जालन्यात लग्न. न्हाई तर मी पुण्यातच रजिस्टर करून टाकते. त्या सचिनला टायपिस्ट म्हणले, म्हणजे मलाच म्हणले ना?”

पोरगी हट्टी. कुणाची आहे शेवटी!

मी जुन्या जालन्यातल्या छापखान्यात जाऊन इंजि. लावून घेतलं आणि पत्रिकेचा कच्चा कागद घेऊन रिक्षानं घरी आले. रविवारची दुपार होती. वैशाली आलेली होती, पण बापाशी अबोला धरून आतल्या खोलीत. दिगंबररावांनी कागद वाचला आणि लाल पेन्सिलीनं पोटच्या पोरीचं इंजि. खोडलं. माझं डोकंच फिरलं. मला बरेच दिवस एक संशय होता, तो मी बोलून टाकला.

“भाऊजी, पोरगी तुमच्यापेक्षा मोठी झाली, हेच पोटात दुखून राह्यलं न तुमच्या?”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“वहिनी, परतूरकडं एका ओढ्यावर माझा पूल हाय. लहानच हाय. त्याच्या नकाशावर सही केल्ती, तेव्हा ही पाळण्यात होती. अजून पाऊस जोरात झाला की तिथल्या चहावाल्याला फोन लावतो, पूल हाय का म्हणून. तो म्हणतो, हाय साहेब, झोपा आता. पण झोप येत न्हाई. पुलाला काही झालं न्हाई आजवर, तरी येत न्हाई.” मग आतल्या दाराकडं बघून आवाज खाली आणला. “हे झेंगट पोरीच्या मागं कशाला लावू? इंजिनिअर न्हाई म्हणलं, तर निदान सुखानं झोपेल.”

एवढ्यात आतल्या दाराचा पडदा सरकला. वैशाली सगळं ऐकत होती.

“पप्पा, मी काय काम करते, कधी विचारलं का?”

“कॉम्प्युटरवर लिहिती.”

“दवाखान्यात तान्ह्या लेकरांना सलाईनमधून औषध जातं न, किती थेंब, किती वेळात, ते एक मशीन ठरवतं. त्या मशीनला ते मी शिकवते. तिथं पुढच्या महिन्यात दुरुस्त करतो म्हणता येत न्हाई.”

“लाइट गेली तर?”

“बॅटरीवर चालतं. त्याचंबी मीच बघते.”

“तुझं काम दुसरं कोणी तपासतं का?”

“दोघं तपासतेत. तरी मला धडधडतं.”

पुढं तासभर ते विचारत गेले आणि ती सांगत गेली. मी तीनदा चहा केला, तिन्ही वेळा निवला. बापानं पोरीला तिच्या कामाचं काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

शेवटी त्यांनी कागद ओढला आणि खोडलेल्या जागेच्या वर इंजि. लिहिलं. एवढं दाबून लिहिलं की कागद फाटला. मग पोरीकडं न बघताच म्हणाले, “रात्री-बेरात्री धडधडलं तर मला फोन लावत जा. मी जागाच असतो.”

वैशालीनं टेबलावरचा त्यांचा जुना फोन उचलला आणि त्याच्या रिंगचा आवाज होईल तेवढा मोठा करून ठेवला.