शून्यावर अडलेला पारा

हेतू : फ्रीजमधला बर्फ वितळवणे.

"बर्फाशी कसं वागायचं हे तू मला शिकवतेस?" मास्तर फोनवर लेकीला म्हणाले. "अख्खी हयात उष्णता शिकवण्यात गेली माझी! उद्या येशील तेव्हा बघ, फ्रीज आरशासारखा चमकेल!"

"बाबा, उद्या नाही जमणार. तेच सांगायला फोन केला होता."

"हो का? बरं... बर्फ तर काढतोच."

साहित्य : उकळत्या पाण्याचं पातेलं. तापमापक. हेअर ड्रायर (बायकोचा. ती गेल्यापासून कपाटात गार पडलेला).

कृती : पातेलं बर्फाच्या कप्प्यात सरकवलं, तापमापक बर्फात खुपसला, ड्रायर सुरू केला. मग समोरच्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे वळून मास्तर म्हणाले, "नीट पाहा! एवढी उष्णता देतोय, तरी पारा शून्यावरच! का? तर सगळी उष्णता बर्फ मोडण्यात खर्च होतेय. बाहेरून काहीच कळत नाही. आत मात्र सगळं सुटत चाललेलं असतं."

खुर्च्यांनी एकही शंका विचारली नाही. हुशार तुकडी!

उष्णतेचा हिशेब चोख होता. वितळलेलं पाणी जाणार कुठे, हे मात्र कुठल्याच धड्यात नव्हतं. ते गुपचूप फ्रीजखालच्या भेगेत गेलं.

निरीक्षण : दारावर धाडधाड! मास्तरांनी ड्रायर बंद केला, फ्रीज नुसता लोटला आणि कडी काढली.

खालच्या शिवणकामवाल्या मावशी. हातात कात्री! मागे त्यांचा नळदुरुस्तीवाला भाऊ. हातात छिन्नी-हातोडा!

"मास्तर, भिंतीत तुमचा नळ फुटलाय! माझ्या शिलाई मशीनची आंघोळ चाललीये!"

'बर्फ' हा शब्द मास्तरांच्या ओठांवर आला होता. पण मावशी धापा टाकत एका खुर्चीत बसल्या. भावाने दुसरीवर पिशवी टेकवली. दोन्ही खुर्च्या भरल्या! आता 'बर्फ' म्हटलं की घर पुन्हा रिकामं.

"असेल बुवा," मास्तर म्हणाले. "बघा तुम्हीच."

कृती (पुढे चालू. ही कुणी करून पाहू नये) : ठाक! सिंकखालची पहिली टाइल गेली.

"इथे तर कोरडं आहे!"

"जरा डावीकडे बघता का?"

ठाक! दुसरी.

"मास्तर, चहा टाका की. याला वेळ लागेल," मावशी म्हणाल्या.

मास्तरांनी चक्क तीन कप काढले! वरचे दोन धुळीने भरलेले, ते विसळले. "आणखी डावीकडे!" ते उत्साहात ओरडले.

ठाक! तिसरी टाइल फुटली, भिंत हादरली आणि बर्फाची अख्खी लादी पातेल्यासकट फ्रीजचं दार ढकलत धाडकन खाली आली. घसरत घसरत भावाच्या पायाशी थांबली.

भावाने हातोड्याने लादीवर टकटक केलं.

"मास्तर, हा नळ?"

"आहे ना... घन अवस्थेतला."

"अहो, मग आधी बोलायचं नाही का? तीन टाइल्स फोडल्या मी!"

मास्तरांनी कपांकडे पाहिलं. "चहा व्हायचा होता अजून," ते पुटपुटले.

मावशी आधी भडकल्या. मग त्यांची नजर त्या तीन कपांवर गेली. मग उचकी लागेपर्यंत हसल्या. चहा झाला, फरशी पुसून झाली. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "पुन्हा बर्फ साचला तर एकट्याने उद्योग करू नका. मला हाक मारा, येईन मी."

दार लागलं. खुर्च्या पुन्हा हुशार झाल्या.

निष्कर्ष : फ्रीजचं दार किंचित उघडं राहिलं, की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि बर्फ भराभर साचतो.

मास्तरांनी पुठ्ठ्याची घडी केली, दाराच्या फटीत सरकवली आणि खुर्ची ओढून समोर बसले.