डावा हात खिशात

नळदुर्गात शमुवेलदादांचा डावा हात खिशात गेला की गिऱ्हाईक रडकुंडीला यायचं. त्याचा अर्थ एकच असे: दादा आता पंक्चर फुकट काढणार, आणि एका हातानं काढणार.

हायवेच्या कडेला ढाब्याशेजारी त्यांचं दुकान, आणि मागं आमच्या भिंतीला भिंत लागून घर. पैसे देणाऱ्याचं काम दोन्ही हातांनी, झटक्यात. पण समोरचा नडलेला दिसला की डावा थेट खिशात. कधीकाळी पाळकसाहेबांनी चर्चच्या उपासनेत सांगितलं होतं, की उजव्या हाताचं दान डाव्याला कळू देऊ नये. बाकी मंडळींनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन मटण खाल्लं. दादांनी मात्र ते अक्षरशः धरलं.

एका हातानं टायर उचकटायचं म्हणजे तमाशाच. चाक पायाखाली, ट्यूब गुडघ्यात, सोल्युशनचं झाकण दातात. ऊसतोडीला निघालेला एक गडी एकदा काकुळतीला आला. "दादा, पाया पडतो, पैसे घ्या, पर दुसरा हात लावा की!"

"गप बस," दादा दातातल्या झाकणासकट म्हणाले. "त्याला कळलं तर फुगंल त्यो."

मी तेव्हा नवी नवरी. सोलापुरात बायबल शिकून आलेली, इस्त्रीची साडी, आणि डोक्यात एवढं ज्ञान की गजऱ्याला जागा उरली नव्हती. महिला मंडळात मी तासभर बोलायचे: तारण, म्हणजे आत्म्याची सुटका, विश्वासानं होतं, सत्कर्मांनी नाही. बायका जांभया द्यायच्या. मला वाटायचं, पवित्र आत्म्यानं भारावल्यात.

नवऱ्याची पंक्चर सायकल ढकलत नेली त्या दिवशी दादा एका हातानं कुणाचं तरी पंक्चर काढत होते; मी त्यांनाही सोडलं नाही. "दादा, पंक्चरं काढून स्वर्ग मिळत नसतो. देवाची कृपा फुकट असते."

"व्हय," दादा म्हणाले. "म्हणून तर म्या फुकट काढतोय."

मी दुसरीकडून शिरले. "पण डाव्याला कळत नाही आणि अख्ख्या नळदुर्गाला कळतं, त्याचं काय?"

"गाव न्हाय फुगत, वैनी. फुगतो त्यो ह्यो." त्यांनी खिशावर थाप मारली. उजव्या हातानं.

मग आमची सायकल उलटी केली आणि दोन्ही हात लावले. पैसे मोजून घेतले. "तुमच्याकडं विश्वास लई हाय. सुट्टे बी असतील."

एकच खोड वाईट. दादा कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. नाताळात मी करंज्यांचं ताट पाठवलं, की ते घासूनपुसून, वर शेंगांचा ढीग घालून परत. बायको गेल्यावर तर जास्तच. मूलबाळ नाही. चहा पाजला तरी जाताना आमच्या दाराची बिजागरी घट्ट करून जायचे.

वर्षं गेली, माझेही केस पिकले. यंदा थंडीत दादांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून आणून खाटेवर निजवलं. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं तरच उठतील. पण दादा खाईनात. ढाब्यावरून वरण आलं, परत गेलं. चर्चमधल्या बायकांनी खिमट आणलं, तेही परत. "न्या ते. म्या आता कुणाच्या कामाचा न्हाय."

चौथ्या दिवशी दुपारी मी दुधात भाकरी कुस्करून घेऊन गेले. दादा आढ्याकडं बघत होते. जीभ जड झाली होती, तरी कळत होतं.

"वैनी, हात गेला. आता देवाम्होरं काय घेऊन जाऊ?"

माझं तासाभराचं व्याख्यान जिभेवर आलं. खरंच होतं ते, आजही खरं आहे. पण त्या खाटेपाशी मला त्या बायकांच्या जांभया आठवल्या. घास पुढं केला. दादांनी ओठ मिटले.

मी वाटी खाटेच्या कडेला ठेवली. डावा हात पदराखाली नेला, पाठीमागं दडवला, आणि उजव्यानं पुन्हा घास उचलला. एका हातानं भरवणं सोपं नसतं. वाटी घसरते, दूध सांडतं, म्हातारीची कंबर वाकडी होते.

दादांनी माझ्या खांद्याकडं पाहिलं. चेहऱ्याची चालती बाजू हलली.

"त्याला कळलं का?"

"कुणाला? कशाचं?" मी म्हटलं.

दादांनी तोंड उघडलं. एक घास गेला. मग दुसरा. मी तिसरा उचलला, तेवढ्यात गोधडी हलली. जन्मभर खिशात कोंबलेला तो डावा हात हळूहळू बाहेर आला, माझ्यासमोर थांबला. तळवा वर, उताणा. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढं करतात तसा.

मी त्यावर भाकरी ठेवली.