आवाज न आल्याचा पुरावा

सोमवारची साफसफाई झाली आणि हेडसाहेबांच्या घरातल्या स्टिरिओचा आवाज गेला. रिसिव्हरचे दिवे लागत होते, जोडलेल्या प्लेअरमध्ये कॅसेट फिरत होती. स्पीकर मात्र गप्प. साहेब कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळं चालू असून काहीच न होणं त्यांना नवं नव्हतं. पण रविवारी थोरली बहीण येणार होती, ती केवळ आईचा आवाज ऐकायला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिचा आवाज त्या एकाच कॅसेटवर उरला होता.

साहेबांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं,

"तक्रार नोंदवली. निकाल लागेपर्यंत यंत्राला हात लावू नका, गॅरंटी जाईल."

"अहो, धूळसुद्धा पुसायची नाही?" बायकोने विचारलं.

"धूळ आता पुराव्यात धरली जाईल," साहेब गंभीरपणे म्हणाले.

मग कंपनीने बिघाडाचं रेकॉर्डिंग मागवलं. साहेबांनी पंखा बंद केला, बायकोला श्वास रोखायला लावला आणि स्पीकरसमोर मोबाइल धरून स्वच्छ शांतता पाठवली. उत्तर आलं : 'रेकॉर्डिंगमध्ये काहीच ऐकू येत नाही. बिघाड स्पष्ट ऐकू येईल असे पाठवावे.' साहेबांनी रीतसर परवानगी काढून आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तीच शांतता मोठ्या आवाजात पाठवली.

शनिवारी कंपनीचा माणूस आला. वाकून बघितलं.

"दिवे लागतात की."

"आवाज येत नाही."

"मी दिव्यांचा. आवाजवाला वेगळा असतो. त्याला बोलवायला माझा शेरा लागतो."

"मग द्या."

त्याने शेरा दिला : 'यंत्र चालू.' चालू यंत्राकडे कोण कशाला येईल? आवाजवाला आला नाही.

रविवारी ताई येऊन बसली. सगळं ऐकून म्हणाली, "कंपनीच्या कागदावर वाजतंय ना? मग तो कागदच लाव माझ्या कानाला."

साहेब खरंच तो कागद शोधू लागले. बायको मात्र उठली. "नणंदेसमोर एवढी धूळ मला बघवत नाही. गॅरंटी गेली खड्ड्यात," म्हणत तिने फडकं फिरवलं. खट्ट झालं. या रिसिव्हरला स्पीकरच्या दोन जोड्या लावता येत. सोमवारी याच फडक्याने कळ दुसऱ्या जोडीवर सरकली होती, आणि दुसरी जोडी घरात नव्हतीच; आता ती कळ परत जागेवर आली.

बटण अजून शेवटपर्यंत फिरवलेलंच होतं, आणि बंद करायची परवानगी नसल्याने कॅसेटही सोमवारपासून आपोआप उलटसुलट फिरत होती. आईचा आवाज भिंती हादरवत आला, "मेल्या, आधी ते यंत्र बंद कर आणि जेवायला ये."

साहेबांचा हात आपोआप बटणाकडे गेला.

"हात लाव, मग बघ," डोळे पुसत, हसत ताई म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीच होती. "आमच्या सेवेने आपली तक्रार दूर झाली. पाच तारे देण्यासाठी पाच दाबा. कमी दिल्यास तक्रार पुन्हा उघडेल आणि निकालापर्यंत यंत्राला हात लावता येणार नाही."

साहेबांनी एकदा आईकडे, म्हणजे स्पीकरकडे, पाहिलं आणि पाच दाबलं.

नवी वस्तू घेण्याआधी तुम्ही जे तारे बघून निर्धास्त होता, त्यांत हे पाच आहेत. बाकीचे तुमच्यासारख्यांनीच दिलेत.